सुदानने पुण्याला इमारत दिली, पुण्याने त्यांच्या मुलांना एक खोली द्यावी

प्रति,
पुणे शहराचे कारभारी :
महापालिकेतले लोकप्रतिनिधी आणि अधिकारी, पालकमंत्री, तसेच विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे चालक

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी उघडपणे लिहिते आहे. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांना या शहरात मताचा अधिकार नाही, त्यामुळे त्यांच्या दारात मते मागायला कोणी जात नाही. ज्यांना मत आहे त्या पुणेकरांनीही हे वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

२५ मे हा आफ्रिका दिन. १९६३ साली या तारखेला आदिस अबाबामध्ये आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली. यंदा आमच्या भागातल्या आफ्रिकी मुलामुलींनी वर्गणी काढून एक सभागृह ठरवले होते. पैसे भरले होते, पावती घेतली होती, पोलिसांना लेखी कळवले होते. सुदानच्या मुली नाचणार होत्या, इथिओपियाची मुले कॉफीचा विधी मांडणार होती, टांझानियाचा एक विद्यार्थी लहान मुलांना स्वाहिली गोष्टी सांगणार होता. आदल्या संध्याकाळी सभागृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. आसपासच्या लोकांची हरकत आहे, पैसे परत घेऊन जा. हरकत कोणाची आणि कशाबद्दल, हे विचारले तर उत्तर मिळाले नाही. मुलांनी भांडण केले नाही. शिजवायला काढलेले सगळे माझ्या घरी आणले आणि कार्यक्रम माझ्या बैठकीच्या खोलीत आणि जिन्यात झाला. तो गोड झाला, पण तो तिथे व्हायला नको होता.

मी निवृत्त शिक्षिका आहे, कोंढव्यात राहते. राहत्या घराशिवाय माझा एक लहान फ्लॅट आहे, तो मी परदेशी विद्यार्थिनींना देते. आतापर्यंत सुदान, टांझानिया आणि रवांडाच्या मुली तिथे राहून शिकून गेल्या. रविवारी माझ्याकडे मराठीचा वर्ग भरतो. रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, दवाखान्यातल्या सिस्टरशी बोलता येईल एवढे मराठी मी शिकवते. मुले मला मावशी म्हणतात. कोणाचा ताप, कोणाची फी, कोणाचा व्हिसा, सगळे आधी माझ्या दारात येते, कारण दुसरे दारच नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या बैठकीच्या खोलीवर एवढ्या मोठ्या शहराने हे काम सोडून द्यावे, हे मला मान्य नाही.

आता खडकवासल्याकडे या. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची घुमटवाली मुख्य इमारत प्रत्येक पुणेकराने निदान फोटोत तरी पाहिलेली असते. तिचे नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवान पूर्व आफ्रिकेत इटालियन सैन्याशी लढले. १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत जी घनघोर लढाई झाली, तिच्यात मराठा पलटणही होती. सुदानच्या रक्षणासाठी या जवानांनी रक्त सांडले, त्याच्या कृतज्ञतेपोटी सुदानने एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार पौंड भारताच्या वाट्याला आले आणि प्रबोधिनीच्या या इमारतीसाठी खर्ची पडले. १९५९ साली सुदानच्या राजदूतांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तेव्हा सुदान स्वतंत्र होऊन तीन-साडेतीन वर्षेच झाली होती. ज्या पैशातून त्यांनी स्वतःच्या शाळा बांधल्या असत्या, तो त्यांनी आपल्या मातीत घातला. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या देशाच्या सैन्यातले कितीतरी अधिकारी त्या इमारतीच्या सावलीत घडले आहेत.

आणि त्याच सुदानची मुले आज त्याच पुण्यात एक सभागृह भाड्याने घेऊ शकत नाहीत. माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे. पुढे लिहिते ते तपशील आहेत, पण तेही वाचा.

पुण्यात आफ्रिकी विद्यार्थी आजचे नाहीत. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातही कॅम्पात, फर्ग्युसन रस्त्यावर ते दिसत. सुदानी, केनियन, इथिओपियन, नामिबियन, टांझानियन मुले इथे वाणिज्य, संगणक, औषधनिर्माण, अभियांत्रिकी शिकतात. परदेशी म्हणून इथल्या मुलांपेक्षा जास्त शुल्क भरतात. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणजे सगळा खर्च घरून येतो आणि तो आपल्या घरमालकांच्या, खानावळींच्या, झेरॉक्सवाल्यांच्या खिशात जातो. पूर्वेचे ऑक्सफर्ड हे बिरुद आपण मिरवतो ते यांच्याही जोरावर. प्रवेशाच्या जाहिरातीत यांचे हसरे चेहरे छापले जातात. प्रवेश झाल्यावर त्यांची विचारपूस कोण करते, ते मला सांगा.

पहिली तक्रार घराची. परदेशी भाडेकरू आला की घरमालकाने चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला देणारा फॉर्म (जुने नाव सी फॉर्म) ऑनलाइन भरायचा असतो. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर विद्यार्थ्याने आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची असते. नियम चांगले आहेत, मी ते पाळते. पण कित्येक घरमालकांना हा फॉर्म माहीतच नाही, किंवा भाड्याचे उत्पन्न कागदावर यायला नको म्हणून ते तो भरत नाहीत. मग नोंदणी अडकते आणि दोष विद्यार्थ्याच्या माथी बसतो. एका गृहनिर्माण संस्थेने सर्वसाधारण सभेत ठराव केला की आफ्रिकी भाडेकरू ठेवायचे नाहीत. ठरावात देशाचे नाव नव्हते, खंडाचे होते. माझ्या फ्लॅटसाठी एकदा बिनभोगवटा शुल्क, म्हणजे घर भाड्याने दिले म्हणून संस्था मालकाकडून घेते ती रक्कम, मनमानी लावले गेले. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा २००१ सालचा निर्णय मी पुढे ठेवला, तेव्हा ते उतरले. मला निर्णय माहीत होता म्हणून मी भांडले. एकोणीस वर्षांच्या मुलीने कोणत्या भाषेत भांडायचे?

दुसरी तक्रार दवाखान्याची आणि चौकीची. पोटात कळ नेमकी कुठे येते, हे सांगायला अरबी, अम्हारिक किंवा स्वाहिली जाणणारा माणूस अशा वेळी कोणाकडे मागायचा, हेच माहीत नसते. मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला गेलेल्या मुलालाच आधी त्याचा पासपोर्ट, मग त्याचा व्हिसा, मग त्याचे मित्र यांच्याविषयी तासभर प्रश्न विचारले गेले. तक्रार राहिलीच. तो पुन्हा चौकीची पायरी चढला नाही. असे लोक पोलिसांपासून दूर राहू लागले की शेवटी नुकसान पोलिसांचे आणि शहराचेही होते.

तिसरी तक्रार मला सर्वात जास्त लागते. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्तूममध्ये लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. तिथे अडकलेल्या आपल्या माणसांना भारत सरकारने ऑपरेशन कावेरी राबवून पोर्ट सुदान आणि जेद्दाहमार्गे घरी आणले. त्या दिवसांत मी टीव्हीसमोरून हलले नाही. माझ्याशेजारी बसलेल्या मुलीला मात्र घर उरले होते की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. बँका बंद, फोन बंद. वडिलांचे दुकान गेले, कुटुंब सीमा ओलांडून गेले, हे तिला फार उशिरा समजले. घरून पैसे येणे थांबले. काम करायला कायद्याने बंदी. शुल्काची मुदत तीच, दंड तोच. शिक्षण थांबले तर व्हिसा संपणार, आणि व्हिसा संपला तर परत जायचे कुठे? काही प्राध्यापकांनी स्वतःच्या खिशातून शुल्क भरले, हे मी पाहिले आहे, त्यांचे ऋण मोठे आहे. पण शहर म्हणून, व्यवस्था म्हणून या मुलांसाठी माझ्या पाहण्यात काहीही उभे राहिले नाही.

लोक मला अमली पदार्थांच्या बातम्या दाखवतात. मी त्या वाचते. ज्याने गुन्हा केला त्याला पकडा, खटला चालवा, शिक्षा द्या, हद्दपार करा. माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण एका माणसाच्या गुन्ह्याबद्दल त्याच्या खंडातल्या प्रत्येकाला घर नाकारायचे, हा न्याय आपण आपल्या मुलांना परदेशात लावू देऊ का? ओळख नसली की अफवा कुठवर जाते, ते २०१७ मध्ये ग्रेटर नोइडात दिसले. एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर शेजारच्या नायजेरियन तरुणांवर वाट्टेल ते आरोप झाले आणि जमावाने मॉलमध्ये शिरून आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारले. त्याआधी २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर काय वातावरण झाले होते, ते गोव्याच्या मराठी वाचकांना आठवत असेल. पुण्यात तसे काही होण्याची वाट पाहायची नसेल, तर माणसे एकमेकांना भेटतील अशी जागा आधी हवी.

भेटल्यावर काय कळते, ते माझ्या स्वयंपाकघरातून सांगते. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलेल्या सुदानी मुलीला मी संकोचाने ज्वारीची भाकरी वाढली. तिने हातात घेऊन वास घेतला आणि तिच्या आजीबद्दल बोलू लागली. त्यांच्याकडे किसरा करतात. ज्वारीचे पीठ आंबवून पातळ करायचे, तापल्या तव्यावर ओतायचे आणि खजुराच्या पातीच्या तुकड्याने झरझर पसरवायचे. आपल्या आंबोळीहून कितीतरी पातळ, कागदासारखा पदर सुटून येतो. पुढे माझ्या वाचनात आले की पूर्व सुदानात कसालाच्या परिसरात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या खापरांवर ज्वारीचे ठसे मिळाले आहेत. माणसाने ज्वारी पिकाऊ केली त्याचा हा सर्वात जुना पुरावा मानला जातो, २०१७ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या साहेलच्या कोरड्या पट्ट्यातली. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. सोलापूरची भाकरी, खानदेशातली बाजरी, कोकणातली नाचणीची आंबील, तिन्हींचे माहेर आफ्रिका. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून आपण केवढ्या थाटात साजरे केले! त्या वर्षी एखाद्या व्यासपीठावर या मुलींना बोलावून किसरा करून दाखवायला सांगितले असते, तर कार्यक्रमात जीव आला असता.

इथिओपियाची मुले कॉफी मांडतात तेव्हा हिरवे दाणे समोरच भाजतात, धूप घालतात आणि अबोल, टोना, बरका अशा तीन फेऱ्या होतात. तिसरी फेरी आशीर्वादाची, ती न घेता उठायचे नसते. सुदानची जबना आल्याच्या तिखटपणाची, मातीच्या लांब मानेच्या सुरईतून ओतलेली. सणाला मुली तोब नेसतात, ते अंगाभोवती गुंडाळायचे लांब वस्त्र पाहून आमच्या वाड्यातल्या आजी नेसवण्यातले बारकावे विचारत बसल्या होत्या. या गोष्टी जपायला आणि दाखवायला त्यांना छप्पर हवे. आपल्या गणेशोत्सवात ही मुले ढोलपथकाच्या मागे चालतात, मोदक वळायला शिकतात. त्यांच्या सणाला आपण कुठे जायचे?

हे काही नवे खूळ नाही, याची आठवण करून द्यायला हवी. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर या दख्खनमधल्या अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्याने वसवलेली खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याची नहर आणि त्याची जमीनमहसुलाची पद्धत आपण शाळेत शिकवतो. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले.

नाशिकची गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरमार अरबी गलबतांवरून गुलाम आफ्रिकी मुलांची सुटका करी, तेव्हा त्यांतल्या कितीतरी मुलांना नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन वसाहतीत आणून ठेवत. तिथे त्यांना लिहायला, वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवले गेले. मिशनऱ्यांचे हेतू त्यांचे होते, त्यांनी मुलांचा धर्मही बदलला आणि नावेही, ते मला पटत नाही. पण निवारा मिळाला. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारे प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन मध्य आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचे पार्थिव शेकडो मैल वाहून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांतही. पुढे नाशिकची बरीच मंडळी मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन वसाहतीत गेली. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी या महाराष्ट्रात आफ्रिकी माणसांसाठी एक ठिकाण होते. नाशिककर शरणपूर रस्त्यावरून रोज जातात. तिथे हा इतिहास सांगणारा फलक असावा, अशी माझी फार इच्छा आहे.

आणि पुण्यात? फर्ग्युसनच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला होता. एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देताना तिथले प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांना दिसली. परक्या देशात या मुलाकडे बघायला कोणी नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली आणि १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक केंद्र म्हणून सिंबायोसिसची सुरुवात झाली. मॉरिशस आफ्रिकेतलाच देश. कोकणातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या आपल्या माणसांची नातवंडे-पतवंडे तिथे आजही मराठी शिकतात, त्यांची मंडळे आहेत, तिथल्या सरकारचा त्यांना आधार आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. परमुलखात आपल्या माणसांना एक घर लागते, हे मराठी समाजाला कोणी समजावून सांगावे लागू नये.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या शिखर परिषदेत भारताच्या पुढाकाराने आफ्रिकी संघाला जी-२० चे सदस्यत्व मिळाले. दिल्लीत खुर्ची दिली, पुण्यात खोली द्या.

माझ्या मागण्या अशा.

कोंढवा, उंड्री, हडपसर या पट्ट्यात महापालिकेच्या मालकीच्या एखाद्या इमारतीतली खोली आणि आठवड्यातून दोन दिवस एक सभागृह आफ्रिकी विद्यार्थी व रहिवाशांच्या केंद्रासाठी द्या. नवी इमारत नको, कोनशिला नको. वापराचे रास्त भाडे मुले भरतील, तसे त्यांनी मला सांगितले आहे. कारभार समितीकडे असावा आणि समितीत आफ्रिकी सदस्यांचे बहुमत असावे. त्यांच्यासाठी आपण ठरवायचे, असे व्हायला नको.

त्या केंद्रात आठवड्यातून एकदा मदतकक्ष बसवा. सी फॉर्म आणि नोंदणीची माहिती, पोलिसांचा एक नेमलेला अधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील, आणि दुभाष्यांची यादी. दुभाषे म्हणून वरच्या वर्गातली मुलेच येतील, फक्त त्यांना ओळखपत्र आणि मानधन द्या.

गृहनिर्माण संस्थांना सहकार खात्यामार्फत लेखी सूचना पाठवा की देश, वंश किंवा रंग पाहून भाडेकरू नाकारण्याचे ठराव चालणार नाहीत. नुसती सूचना पुरत नाही, तक्रार कुठे करायची आणि किती दिवसांत निकाल लागेल, हेही त्यात हवे.

विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी युद्धग्रस्त देशांतल्या विद्यार्थ्यांना शुल्काचे हप्ते द्यावेत, दंड माफ करावा, आणि परदेशी विद्यार्थ्यांकडून मिळणाऱ्या शुल्कातला ठरावीक हिस्सा आपत्कालीन निधीत ठेवावा. हा पैसा त्यांचाच आहे.

पुढच्या २५ मे रोजी आफ्रिका दिन महापालिकेच्या एखाद्या नाट्यगृहात होऊ द्या. सुदान ब्लॉकची हकिगत, मलिक अंबर, शरणपूर आणि ज्वारी-बाजरी-नाचणीचा प्रवास सांगणारे छोटे प्रदर्शन आम्ही तयार करू. मजकूर मराठीत लिहायची जबाबदारी माझी. शाळांच्या सहली तिथे आणायची व्यवस्था शिक्षण विभागाने करावी.

केंद्र सुरू झाले की माझा रविवारचा मराठीचा वर्ग मी तिथे हलवीन, पुस्तकांचे एक कपाट देईन, आणि अंगात त्राण असेल तोवर मदतकक्षात बसेन. माझ्यासारखे आणखी काही निवृत्त शिक्षक, दोन डॉक्टर आणि एक वकीलबाई तयार आहेत. जागा तुम्ही द्यायची आहे.

या पत्राचे उत्तर मला एकटीला पाठवू नका. ते जाहीर द्या, म्हणजे मुलांना वाचता येईल. मराठी त्यांना आता बऱ्यापैकी वाचता येते.

आपली,
कोंढव्यातील एक निवृत्त शिक्षिका